सरकणारा फोन आणि आतली पट्टी

यंदा दिवाळीची आवराआवर करताना दिवाणाच्या खणात एक पिशवी सापडली. आत चार वेगवेगळ्या पिनांचे चार्जर, एकमेकांत गुंतलेले दोन इअरफोन आणि सगळ्यांच्या तळाशी माझा जुना स्लायडर फोन. धाकटी शेजारीच बसली होती. तिनं तो उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, "आई, याला बटणं कुठायत?" मी तो हातात घेतला आणि अंगठ्यानं वरचा भाग ढकलला. खट्ट! खालून आकडे बाहेर आले. पोरीचं तोंड बघण्यासारखं झालं. मग अर्धा तास कपाट तसंच उघडं राहिलं आणि ती फोन उघडत बसली, मिटत बसली, पुन्हा उघडत बसली. बॅटरी फुगलेली होती म्हणून मी आधी ती काढून घेतली. बॅटरी नसलेल्या फोनशीही ती खेळत होती, यातच त्या फोनचं काय ते कळावं.

हौसेनं फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत उत्तरं आली. "तेव्हाच्या वस्तू काय टिकायच्या!" "आताचे फोन म्हणजे काच, पडला की संपला." दादानंही अंगठा दाखवला. मला मात्र हसू आलं आणि थोडा रागही आला. कारण हाच फोन टिकला नव्हता, आणि कुणाच्या हातात टिकला नव्हता ते दादाला माहीत आहे. म्हणून म्हटलं, ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहावं.

कंपनीचं नाव सांगणार नाही. एकाच कंपनीला बोल लावायचा नाही, आणि जे सांगणार आहे ते त्या काळातल्या बऱ्याच स्लायडरांना लागू आहे.

ज्यांनी हा प्रकार वापरला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. स्लायडर म्हणजे दोन थरांचा फोन. वरच्या थरात पडदा, कानाला लावायचा स्पीकर आणि हिरवं-लाल बटण. खालच्या थरात आकड्यांची बटणं, बॅटरी, सिमकार्ड आणि तोंडाजवळचा माइक. वरचा थर खालच्यावर सरकतो. आपल्या लहानपणी सरकत्या झाकणाची लाकडी पेन्सिलपेटी असायची ना, तसंच. नोकियाचा ८११० हा फोन १९९६ साली आला. त्यात अख्खा थर नव्हता सरकत, नुसतं बटणांवरचं झाकण खाली ओढायचं. केळ्यासारखा बाक होता म्हणून लोक त्याला केळं म्हणायचे. १९९९ च्या 'मॅट्रिक्स' सिनेमात नायकाच्या हातात तोच दिसतो. सिनेमात ते झाकण स्प्रिंगनं झटकन उघडतं. खऱ्या ८११० मध्ये ते हातानंच ओढावं लागायचं. सिनेमावाल्यांनी फोनमध्ये फेरफार करून घेतला होता. त्याच वर्षी आलेल्या नोकिया ७११० ला मात्र खरोखरची स्प्रिंग होती.

पुढं २००४ च्या अखेरीस सॅमसंगचा डी५०० आला आणि स्लायडरांचे दिवस सुरू झाले. २००५ मध्ये नोकियाचा ८८०० आला, स्टीलचा, आणि सरकायला आत चक्क छर्‍यांचं बेअरिंग. २००६ मध्ये एलजीचा चॉकलेट, काळा कुळकुळीत, हात लावला की लाल उजळणारी बटणं. २००७ मध्ये नोकियाचा एन९५, जो वर सरकवला तर आकडे आणि खाली सरकवला तर गाण्यांची बटणं. मागं पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा, त्यावरही सरकतं झाकण, ते उघडलं की कॅमेरा आपोआप सुरू. आमच्या कॉलनीत एका इंजिनिअरकडं तो होता. लग्नात तो खिशातून काढला की चार पुरुष गोळा व्हायचे. त्याची बॅटरी मात्र ९५० एमएएचची. एवढा सगळा संसार आणि एवढुशी बॅटरी! लग्न संपायच्या आत साहेब चार्जिंगचा बोर्ड शोधत फिरायचे.

माझा फोन यातला कुठलाच नव्हता. साधा, हलका, २००९ मधला, घरखर्चातून वाचवलेल्या पैशांनी घेतलेला. पण तो माझा पहिला स्वतःचा फोन. त्याआधी यांचा जुना वापरायची.

आणि खरं सांगते, स्वयंपाकघरात वापरायला तेवढा सोयीचा फोन मला नंतर मिळाला नाही.

हात कणकेत असायचे आणि फोन वाजायचा. तेव्हा अंगठ्याच्या मागच्या बाजूनं, पेरानं, वरचा थर ढकलायचा. पूर्ण ढकलावा लागायचा नाही. आत एक छोटी पिळाची स्प्रिंग असते; निम्म्यापर्यंत आपण न्यायचं, निम्म्याच्या पुढं तीच खेचून घेते. मिटतानाही तसंच. ही निम्म्यापर्यंतची युक्ती ज्या कुणी शोधली त्याला मानलं पाहिजे, कारण त्यामुळं फोन कधी अर्धवट राहत नाही. उघडा तरी असतो, नाहीतर मिटलेला. सेटिंगमध्ये एकदा सांगून ठेवलं की उघडल्याबरोबर फोन उचलला जायचा आणि मिटल्याबरोबर ठेवला जायचा. पडद्याला बोटच लावायचं नाही. हळद, तेल, पीठ, काहीही असो, आकडे आत झाकलेले. फक्त वरच्या कडेवर पिठाचा एक ठसा राहायचा, तो पदरानं पुसला की झालं.

बोलायला उघडला की लांबीही बदलायची. मी उत्सुकतेनं एकदा शिलाईच्या टेपनं मोजलं होतं: मिटलेला साडेनऊ सेंटिमीटर, उघडलेला पावणेतेरा. म्हणजे पर्समध्ये लहान आणि कानापासून तोंडापर्यंत पोचायला मोठा. माइक बरोबर ओठांजवळ यायचा. यांच्या सरळ फोनवर बोलताना मला उगीच ओरडायची सवय लागली होती, ती या फोननं मोडली.

सगळंच गोड नव्हतं. वरच्या ओळीतले १, २, ३ हे आकडे वरच्या थराच्या कडेला इतके चिकटून होते की अंगठा दर वेळी त्या कडेवर आपटायचा. मेसेज लिहायचा म्हणजे अक्षरं खालच्या मजल्यावर आणि 'ओके'चं बटण वरच्या मजल्यावर, अंगठ्यानं दिवसभर जिना चढउतार करायचा. पर्समध्ये मिटलेला असतानाही वरची बटणं उघडीच, त्यामुळं लॉक करायला विसरलं की कुणालातरी आपोआप फोन लागायचा. आणि रुळांत कचरा साचायचा. पीठ, टाल्कम पावडर, पर्समधला चुरा. जुन्या टूथब्रशनं तो काढायची. एकदा सरकताना करकरायला लागला म्हणून मी शहाणपणानं शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं. दोन दिवस लोण्यासारखा सरकला. तिसऱ्या दिवसापासून त्या तेलात सगळी धूळ चिकटून जी काळी चटणी तयार झाली, ती काढता काढता नाकी नऊ आले. तुमच्याकडं अजून कुणाकडं असा फोन असेल तर तेल घालू नका.

शिवाय तो आवाज. हातात फोन असला की उघडमीट करायचा चाळाच लागतो. दशलक्षण पर्वात एका दुपारी प्रवचन चाललं होतं, सभागृह एकदम शांत, आणि माझ्या हातून नकळत खट्ट... खट्ट... पुढच्या ओळीतल्या एका आज्जींनी मागं वळून माझ्याकडं असं पाहिलं की त्या दिवसापासून मंदिरात जाताना फोन घरीच ठेवायला लागले. तो नियम अजून पाळते.

आता मुख्य गोष्टीकडं येते.

२०१२ मध्ये मी नवा फोन घेतला आणि स्लायडर आईला दिला. आण्णा जाऊन वर्ष झालं होतं. आई गावी एकटी, मिरज तालुक्यात आमचं घर, पुढं अंगण, मागं एक म्हैस. आईला डोळ्यांचा त्रास, चष्मा कधी असतो कधी नसतो. तिच्यासाठी तो फोन अगदी जमून गेला. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागला की त्याच्या वर दोन, खाली आठ, हे तिनं दोन दिवसांत पाठ केलं. न बघता माझा नंबर फिरवायची. आणि तिला सगळ्यात आवडलं ते मिटवणं. "मिटला की बोलणं संपलं. कसं, कडी लावल्यागत," असं ती म्हणायची. संध्याकाळचं जेवण ती दिवस मावळायच्या आत उरकते, म्हणून सातला माझा फोन ठरलेला. उघडल्याचा खट्ट मला ऐकू यायचा नाही, पण मिटल्याचा ऐकू यायचा. तो आवाज आला की मी पोळ्या लाटायला घ्यायची.

वर्षभर छान चाललं. मग एकदा आमचं थोडं वाजलं. म्हैस विकून सांगलीला येऊन राहा, असं मी जरा जोरात सांगितलं. जोरात म्हणजे नको इतक्या जोरात. तिनं काही न बोलता फोन मिटला.

दुसऱ्या दिवशी सातला मी फोन केला. उचलला गेला. पलीकडून आई, "हॅलो. हॅलो? काय गं, बोलत का न्हाईस?" मी म्हणतेय, "आई, बोलतेय ना, ऐकू येतंय का?" ती पुन्हा, "हॅलो?" मग थोडा वेळ गप्प. मग खट्ट. मला वाटलं गावाकडं रेंज नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी तिनं स्वतः केला, मी उचलला, ओरडून ओरडून बोलले, आणि ती पलीकडं म्हणाली, "आसू दे. बोलायचं नसंल तर आसू दे." खट्ट. त्यानंतर फोन नुसता वाजायचा, कुणी उचलायचंच नाही. मला वाटलं, रुसली. मलाही थोडा राग होताच. दादा पुण्याला, त्याचाही फोन उचलत नव्हती. तो म्हणाला, दोघी एकमेकींशी भांडता आणि मला मधे घालता. शेजाऱ्यांकडं निरोप दिला तर उत्तर आलं, आई ठीक आहे, धार काढतेय.

अकराव्या दिवशी मी एसटीनं गेले. फोन कोनाड्यात ठेवला होता, देवाच्या पुस्तकांच्या बाजूला, रुमालात गुंडाळून. आईनं पाणी दिलं, चहा दिला, बोलली नाही. मी तिच्यासमोर माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला. वाजला. पडद्यावर माझं नाव दिसत होतं. तिनं अंगठ्यानं सरकवला आणि पडदा काळा झाला. माझ्या फोनवर सेकंद पुढं जात होते, म्हणजे फोन लागलेला होता. मी मिटवला, पडदा उजळला. उघडला, काळा. अर्धा उघडून धरला, उजेड. आणखी बोटभर पुढं नेला, अंधार.

"आई, हे असं कधीपासून होतंय?"

"लई दिवस झालं. उघडला की दिवा जातोय. बॅटरी वाचवायला आसंल म्हटलं."

तिला वाटलं होतं मी फोन उचलून मुद्दाम गप्प बसते. अकरा दिवस तिला तेच वाटत होतं. आणि मी अकरा दिवस तिला रुसकी ठरवलं होतं.

काय झालं होतं ते सांगलीत स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्यानं दाखवलं. विशीतला मुलगा, डोळ्याला भिंग. त्यानं पाच-सहा बारीक स्क्रू काढले, दोन्ही थर वेगळे केले आणि चिमट्यानं एक पट्टी उचलली. मधाच्या रंगाची, कागदासारखी पातळ, आत केसासारख्या तांब्याच्या रेघा. तो तिला स्ट्रिप म्हणत होता. खालच्या थरातून वरच्या थरात जे काही जातं, पडद्याचं चित्र, कानातला आवाज, वरची बटणं, ते सगळं या एका पट्टीतून जातं. फोन सरकला की ती आत दुमडते आणि उलगडते. दुमडायची जागा रोज तीच. तिथंच बारीक तडा गेला होता. मिटलेला असताना तड्याची दोन्ही टोकं एकमेकांना टेकलेली, उघडला की सुटी. पडदा गेला आणि त्याच पट्टीतून जाणारा कानाचा आवाजही गेला. माइक मात्र खालच्या थरात, तो ठणठणीत. म्हणून मला आई ऐकू येत होती आणि आईला मी नाही.

तो मुलगा म्हणाला, "ताई, दिवसाला किती वेळा उघडता?" मी मनात हिशोब केला. बोलायला आणि चाळा म्हणून धरून चाळीस वेळा तरी. वर्षाला १४,६००. माझी तीन वर्षं आणि आईचं एक, म्हणजे अठ्ठावन्न हजारांच्या वर. आता कुणी म्हणेल, मग टिकला की! हो, पट्टी टिकली. पण ती संपत आली आहे हे आम्हाला कुणी सांगितलं?

माझा मुद्दा हा आहे, आणि त्यासाठीच हे सगळं पाल्हाळ लावलं.

आपल्या घरात हलणाऱ्या, दाबल्या जाणाऱ्या, झिजणाऱ्या वस्तू काय कमी आहेत? कुकरची रबरी रिंग घ्या. ती झिजणार हे कुकर बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. म्हणून ती हातानं निघते, हातानं बसते, कुठल्याही भांड्याच्या दुकानात मिळते. झिजली की आधी वाफ सुटायला लागते, आपल्याला कळतं. मिक्सरचा कपलर तसाच, झिजला की भांडं घरघरतं आणि पाते फिरत नाही. बदलला की मिक्सर पुन्हा दहा वर्षं चालतो. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची, तिच्यावर तारीख छापलेली असते. ज्यांनी या वस्तू बनवल्या त्यांनी झिजणारा भाग कोणता हे ओळखलं आणि तो बाईच्या हाताला येईल अशा जागी ठेवला.

स्लायडरची पट्टी ही त्या फोनची कुकरची रिंग होती. पण ती स्क्रूंच्या खाली, दोन थरांच्या मधे, पुस्तिकेत उल्लेखही नाही अशा जागी. फोन सरकतो हे जाहिरातीत मोठ्ठं दाखवायचं, आणि सरकण्यामुळं जे झिजतं ते लपवायचं. दुरुस्तीचे साडेतीनशे रुपये झाले. कंपनीची पट्टी मिळाली नाही, मिळाली ती कॉपी, आणि ती पाच महिन्यांत गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा त्या मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं, पुन्हा घालतो, पण भरवसा देत नाही. मधल्या काळात आई फोन न उघडताच वापरायची. मी तिला शिकवलं होतं: सरकवू नको, नुसतं हिरवं बटण दाब. कानाला आखूड व्हायचा, पण ऐकू यायचं. नवा नंबर मात्र फिरवता यायचा नाही, आकडे आत अडकलेले. सरकणारा फोन घ्यायचा आणि सरकवायचा नाही! म्हणून शेवटी तिला बटणांचा साधा सरळ फोन आणून दिला. तो चार वेळा पडला आणि एकदा म्हशीच्या पाण्यात बुडाला, तरी चालला. तेव्हा ग्रुपवरच्या मंडळींनो, 'तेव्हाच्या वस्तू टिकायच्या' हे त्या सरळ फोनाबद्दल म्हणा. स्लायडरबद्दल नको.

मग स्लायडर निव्वळ दिखाऊ होता असं म्हणू का? तेही नाही. बरेच पुरुष तसं म्हणतात. त्यांना तो लग्नात मिरवायचा फोन म्हणूनच आठवतो. मला तो कणकेच्या हातांचा आणि आईच्या अंगठ्याचा फोन म्हणून आठवतो. कंपन्यांनी त्या वर्षांत आपली अक्कल कुठं लावली ते बघा: जाडी कमी करण्यात. सॅमसंगनं २००६ मध्ये डी९०० आणला तो १२.९ मिलिमीटर जाडीचा आहे हे सांगतच. अर्धा मिलिमीटर वाढवून पट्टीला जरा मोठा बाक दिला असता, किंवा दोन स्क्रूंत निघेल अशी केली असती, तर आम्ही कुठं तक्रार करणार होतो? पर्समध्ये अर्धा मिलिमीटर कुणाला कळतो?

पुढं टच आले आणि प्रश्नच मिटला असं सगळ्यांना वाटलं. नोकियानं २०११ मध्ये सी२-०३ काढून बघितला, वर टचचा पडदा, खाली सरकते आकडे, दोन सिमं. छान कल्पना होती, पण तोवर लोकांचा ओढा पूर्ण काचेकडं गेला होता. २०१८ मध्ये ८११० पुन्हा आला, पिवळा, फोर-जीचा, तो आठवणींवर विकायचा होता. त्याच वर्षी ओप्पोचा फाइंड एक्स आला, त्यात मोटारीवर कॅमेरा वर सरकायचा. आणि आता घडीचे फोन. सॅमसंगनं पहिला घडीचा फोन २०१९ मध्ये आणला तेव्हा दोन लाख घड्या सोसेल असं सांगितलं होतं. म्हणजे मोजणी सांगायची पद्धत तरी आली, हे मला बरं वाटलं. पण घडी घातलेल्या पडद्याला भेग पडली की तो बदलायला जो आकडा सांगतात, त्यात आईची म्हैस आली असती.

दोन वर्षांपूर्वी दादानं आईला टचचा फोन दिला. नातवंडं दिसतात म्हणून ती खूश आहे, आणि मी त्याला नाव ठेवणार नाही. व्हिडिओवर नातवाचे दात मोजते. गंमत म्हणजे फोन उचलायला तिला शिकवावं लागलं नाही. पडद्यावर 'वर सरकवा' येतं, आणि तिचा अंगठा तर कधीचा वर सरकायलाच बसलेला. ठेवायचं मात्र जमत नाही. लाल गोल कुठं आहे ते चष्म्याशिवाय दिसत नाही, बोटं कोरडी आहेत, पडदा मधेच काळा होतो. ती अंगठा खाली ओढते, जुन्या सवयीनं, आणि फोन पलंगावर ठेवते. तिच्या लेखी बोलणं संपलं.

मागच्या महिन्यात असंच झालं. मी घाईत होते, दोन मिनिटं बोलले, ठेवते म्हटलं. तिनं ठेवला. म्हणजे ठेवला असं तिला वाटलं. माझाही हात पिठात होता म्हणून मी लगेच बंद केला नाही. पलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "कुणाचा फोन?" आणि आई म्हणाली, "लेकीचा. रोज करती बिचारी. काय खाल्लंस इचारती आणि मी सांगायच्या आत ठिवायची घाई आसती."

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. पाऊस पडतोय असं सांगावं तसं सांगितलं. पण ते माझ्या कानासाठी नव्हतं. जुना फोन असता तर खट्ट झालं असतं आणि ते तिच्या घरातच राहिलं असतं. मी कोपरानं लाल बटण दाबलं.

ग्रुपवर कुणीतरी विचारलंय की तो फोन चालू करता येईल का. पट्टी मिळाली तर येईल. बॅटरी नवी लागेल. माझं सिम जिओचं आहे, ते त्यात चालणार नाही, कारण फोन टू-जीचा आणि जिओकडं टू-जीच नाही. दुसऱ्या कंपनीचं घ्यावं लागेल. स्टँडजवळचं ते दुकान आता मोबाइल कव्हरचं झालंय, पण तो मुलगा मागच्या गल्लीत बसतो असं ऐकलंय. सोमवारी जाऊन विचारणार आहे. आईला देण्यासाठी नव्हे. तिचे नातवंडांचे दात आता सुटायचे नाहीत. धाकटीला हवाय.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सातला मी गॅस बंद केला, हात धुतले आणि खुर्चीवर बसून आईला फोन केला. काय खाल्लंस म्हटलं. दोडक्याच्या भाजीपासून सुरुवात झाली, मग भाकरी कशी करपली, मग पीठ जात्यावरचं नाही गिरणीचं म्हणून कसं चिवट लागतं, मग गिरणीवाल्याच्या सुनेचं बाळंतपण. तेरा मिनिटं झाली. मग पलीकडं नुसती टीव्हीवरची मालिका ऐकू यायला लागली. आईनं अंगठा खाली ओढला होता. मी माझ्याकडून बंद केला.